साखरेची कड



बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग मे महिन्याचा उकाडा, मग पाऊस... कारणं सांगायला पुष्कळ आहेत. पण खरं कारण वेगळंच आहे. मे महिन्यापासून मी साखरेत गुंतले आहे. म्हणजे दुकानातून आणलेल्या साध्या साखरेला वास लावते आहे. गवती चहाचा, पुदिन्याचा, सब्जाच्या पानांचा. आणि ही साखर कशासाठी, तर दारूच्या ग्लासाच्या काठाला लावण्यासाठी!

वाचलंत ते बरोबर वाचलंत. वयाची ७५ वर्षं उलटलेली, बदलापुरात राहणारी, जन्मभर पोरांना शुद्धलेखन शिकवलेली बाई हे करते आहे. आमच्या नातेवाइकांपैकी जे हे वाचतील त्यांच्या भुवया वर गेलेल्या मला इथून दिसताहेत. कारण आमच्या घरात दारूने काय केलं ते त्यांना माहीत आहे. म्हणूनच सगळं नीट, पहिल्यापासून सांगते.

आमची आई साखरेच्या डब्यात चार-पाच लवंगा टाकून ठेवायची. मुंग्या लागू नयेत म्हणून. मुंग्या किती घाबरायच्या देव जाणे, पण त्या डब्याचं झाकण उघडलं की लवंगेचा मंद वास यायचा. चहालाही तो उतरायचा. माझा भाऊ, माझ्याहून ४ वर्षांनी धाकटा, येता-जाता डब्यात हात घालायचा. आईने विचारलं की "मी नाही!" म्हणायचा, आणि ओठांच्या कडेला साखरेचे कण चिकटलेले असायचे. आम्ही सगळे हसायचो. त्याला कळायचंच नाही की आपण पकडलो कसे गेलो.

हा भाऊ पुढे अंबरनाथला एका कारखान्यात लागला. तेव्हा अंबरनाथला कारखान्यांचे भोंगे वाजायचे आणि त्यावर लोक घड्याळं लावायचे. तीन पाळ्यांचं काम. रात्रपाळी सुटली की मित्रांबरोबर थोडीशी, असं सुरू झालं. आधी परमिट रूम. (या शब्दाची गंमत बघा. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने आपल्याकडे प्यायला परवाना लागू लागला. पुढे बंदी सैल झाली, पण परवान्याचा नियम राहिला आणि दारूच्या गुत्त्याला 'परमिट रूम' हे सभ्य नाव मिळालं.) मग तिथलं बिल परवडेना म्हणून हातभट्टीची. पगाराच्या दिवशी माझी भावजय कारखान्याच्या दारात उभी राहायची, आणि हा मागच्या दाराने निघून जायचा.

मी त्या वेळी उल्हासनगरला शाळेत शिकवत होते. महिन्याच्या मध्यावर तो शाळेच्या फाटकाशी यायचा. "ताई, वीस रुपये दे ना. औषधाला हवेत." मी वहीत घालून २० रुपये द्यायचे. वहीत कशाला? शिपायाला, इतर बाईंना दिसू नयेत म्हणून. औषध कसलं ते मला माहीत होतं. १९८६ साली पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं, तेही मी वाचलं होतं. पुणं काही परदेशात नाही. पण तिथे न्यायचं म्हणजे रजेच्या अर्जात काय लिहायचं, शेजारी काय सांगायचं, या विचारात वर्षं गेली. १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत तो गेला. वय ३७. मागे शिवणकाम करून घर चालवणारी भावजय आणि ११ वर्षांचा मुलगा. माझा भाचा.

असो. हे सगळं सांगितल्याशिवाय साखरेचं सांगता आलं नसतं.

भाच्याने दारूच्या थेंबाला कधी हात लावला नाही. ज्या लग्नात कोपऱ्यात 'ती सोय' असते तिथून तो अक्षता टाकून जेवायला न थांबता परततो. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंग खात्यात आहे. त्याची मुलगी आता २३ वर्षांची. हॉटेल मॅनेजमेंट शिकली. बापाला वाटलं होतं केक-बिस्किटांकडे जाईल. पण तिने बार निवडला. मुंबईत एका हॉटेलात कॉकटेल बनवते. मागच्या दिवाळीत घरी हे सांगितलं, त्या दिवसापासून बाप तिच्याशी बोलत नाही. भांडण नाही, आरडाओरडा नाही. नुसतं बोलत नाही. ती मुंबईतच मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते.

मे महिन्यात एका सोमवारी, तिच्या सुटीच्या दिवशी, ती माझ्याकडे आली. पाठीवर पिशवी, पिशवीत दोन ग्लास, आणि तोंडावर नेहमीचं हसू. म्हणाली, "आत्याआजी, तुझ्या अंगणातला पाला हवाय मला. विकत मिळतो त्याला वासच नाही."

मग तिने समजावून सांगितलं. कॉकटेलच्या ग्लासाच्या काठाला लिंबू फिरवून साखर किंवा मीठ लावतात. याला ते लोक 'रिम' म्हणतात. आपण पन्ह्यात जिरेपूड घालतो किंवा पेरूच्या रसाच्या ग्लासाला मीठ-तिखट लावून देतात ना, त्याच जातीचं. गोव्यात उन्हाळ्यात काजूचा हुर्राक पितात, त्याच्याही ग्लासाला कुणी मीठ लावतं. घोट घेताना आधी ओठाला ती चव लागते आणि मग आतली. साखरेला कुठल्या पाल्याचा वास असेल तर पिण्याआधी नाकाला कळतं. त्यांच्या हॉटेलात स्पर्धा होती, आणि तिला आपल्याकडच्या पाल्याची साखर करायची होती.

मी मास्तरीण, म्हणून विचारलं, "हे कुणी काढलं?" तर पोरीला ते पाठ होतं! अमेरिकेत न्यू ऑर्लीन्स शहरात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जोसेफ सँटिनी नावाच्या माणसाने 'ब्रँडी क्रस्टा' नावाचं पेय काढलं. ग्लासाच्या काठाला साखरेचा थर आणि आत लिंबाची लांब साल गुंडाळलेली. क्रस्टा म्हणजे कवच, पापुद्रा. १८६२ साली जेरी थॉमस याने कॉकटेलचं पुस्तक छापलं, त्यात त्याची कृती आहे. म्हणजे आपल्या १८५७ च्या आगेमागे तिकडे ग्लासाला साखर लावणं चाललं होतं!

"आणि बाया असतात का गं या कामात?" माझा पुढचा प्रश्न. तर म्हणाली, शतभी बसू म्हणून आहेत, त्यांना भारतातली पहिली महिला बारटेंडर म्हणतात, मुंबईतल्याच. दिल्लीत तर १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्यातल्या एका कलमाने, जिथे लोक दारू पितात तिथे बायकांना नोकरी करायला बंदीच होती. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती टिकू दिली नाही. आणखी एक गंमत तिने सांगितली. महाराष्ट्रात बियर आणि वाइनला वय २१ लागतं, पण कडक दारूला २५. म्हणजे ती जे बनवते ते स्वतः प्यायला कायद्याने तिला अजून दोन वर्षं थांबायचं आहे! मला हसू आलं, आणि हसल्याबद्दल लगेच अपराधीही वाटलं.

मग तिने मला तिचं माप दाखवलं. डमरूसारखं स्टीलचं, एका बाजूला ३० मिलि, दुसऱ्या बाजूला ६० मिलि. "आत्याआजी, आमचं पहिलं काम माप. आणि दुसरं काम, कुणाला जास्त झाली तर गोड बोलून 'नाही' म्हणणं. पाणी देणं, खायला देणं, टॅक्सी बोलावणं. हे शिकवतात आम्हाला."

त्यावर मी काही बोलले नाही. चहा टाकायला उठले. माझ्या भावाला कुणी माप दाखवलं नव्हतं. आणि 'नाही' म्हणायचं काम ज्यांचं होतं त्यांत मीही होते. मी तर वहीत घालून २० रुपये देत होते.

तिने पहिल्यांदा तुळस मागितली. हल्ली म्हणे हॉटेलांत तुळशीचं फार कौतुक आहे. मी म्हटलं, "ते नाही जमणार. वृंदावनातली तुळस मी दारूच्या ग्लासाला देणार नाही." ती म्हणाली, "बरं." वाद घातला नाही, जुनाट म्हणाली नाही. मग मीच विचार केला आणि सब्जाचं रोप दाखवलं. सब्जा तुळशीचाच भाऊबंद. वनस्पतिशास्त्रात दोघांची प्रजाती (जीनस) एकच, ऑसिमम. परदेशात ज्याला बेसिल म्हणतात तो हाच. वास गोडसर, थोडा बडीशेपेसारखा. तिने पान चुरगळून हुंगलं आणि डोळेच मिटले. "हे चालेल. पळेल!"

मंडळी, आता प्रत्यक्ष साखरेबद्दल, कारण तुमच्यापैकी काही जणी नक्की विचारणार. आणि यात दारू असलीच पाहिजे असं काही नाही. पन्हं, कोकम, लिंबू सरबत, कशालाही चालतं.

माझा पहिला प्रयोग सपशेल फसला. ताजा पुदिना आणि साखर मिक्सरमध्ये एकत्र फिरवली, तर गोड चटणी झाली. कारण साधं आहे. साखर पानातलं पाणी ओढून घेते आणि त्यातच विरघळते. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटतं ना, तेच. म्हणून पाला आधी वाळवायला हवा. उन्हात नाही. उन्हात रंग उडतो आणि वासही उडतो. धुऊन, पुसून, सुती कापडावर पसरून, सावलीत पंख्याखाली. मे महिन्यात पुदिना तीन दिवसांत असा वाळला की चिमटीत चुरा व्हावा.

गवती चहाने मात्र दमवलं. त्याच्या पात्याला धार असते, बोटाला दोनदा कापलं. कात्रीने अगदी बारीक कातरला, चार दिवस वाळवला, तरी त्याच्या शिरा राहतातच. मग युक्ती सापडली. दोन चमचे साखर घालून मिक्सरमध्ये फिरवायचा. साखरेचे दाणेच त्याला दळायला मदत करतात. मग मैद्याच्या चाळणीने चाळायचा. मिक्सर फिरवल्यावर झाकण लगेच उघडायचं नाही, पाच मिनिटं थांबायचं. नाहीतर सगळा वास आणि सगळी भुकटी आपल्या नाकात! गवती चहाचा वास लिंबाशी इतका जमतो, कारण त्याच्या तेलात सिट्रल नावाचं जे द्रव्य असतं तेच थोड्या प्रमाणात लिंबाच्या सालीतही असतं. हे मला नातीने सांगितलं. मला फक्त इतकं माहीत होतं की चहात दोन्ही छान लागतात.

सब्जाची पानं वाळवताना काळी पडली आणि वासही निम्मा झाला. म्हणून त्याला लवंगेचा न्याय लावला. ताजी पानं पुसून कोरडी केली आणि बरणीत साखरेचा थर, पानांचा थर, साखरेचा थर असं भरलं. दोन दिवसांनी पानं काढून टाकली. साखर ओलसर होते, गोळे होतात. ती ताटात पसरून पंख्याखाली वाळवायची, गोळे हाताने मोडायचे आणि चाळायची. रंग पांढराच राहतो, पण वास असा की डोळे मिटून ओळखावं. पानओव्याचाही प्रयोग केला. ती जाड पानं चार दिवसांनीही चामड्यासारखीच. शेवटी उरलेल्या ताज्या पानांची भजी केली.

साखर कुठली घ्यायची? आपल्या बाजारात मोठ्या दाण्याची एम-३० आणि बारीक दाण्याची एस-३० अशा दोन प्रती असतात. मोठा दाणा काठावर टिकत नाही, गळतो. पिठीसाखर लिंबाच्या रसाने चिकट लापशी होते. बारीक दाण्याची एस-३० बरोबर बसते. एक वाटी साखरेला दोन चहाचे चमचे वाळलेल्या पाल्याची भुकटी. मिसळून आठ दिवस अंधारात ठेवायची आणि रोज एकदा हलवायची.

लावायची रीत नातीने शिकवली. ग्लास कोरडा हवा. लिंबाची फोड काठाच्या फक्त बाहेरच्या बाजूने फिरवायची, आतून नाही. आतून लागली तर साखर पेयात पडते आणि माप बिघडतं. मग ग्लास तिरका धरून ताटलीतल्या साखरेवर फिरवायचा, उलटा करून बुडवायचा नाही. बोटाने टिचकी मारून सैल दाणे झाडायचे आणि दहा मिनिटं तसाच ठेवायचा, म्हणजे कड घट्ट होते. आणि मुख्य म्हणजे अर्ध्याच काठाला लावायची. मी विचारलं, "अर्ध्याच का? पुरा छान दिसेल की!" तर म्हणाली, "ज्याला गोड नको असेल त्याला दुसरी बाजू मोकळी पाहिजे ना."

पहिल्या दोन बरण्या ती घेऊन गेली. स्पर्धेत तिचा दुसरा नंबर आला. हॉटेलने आणखी साखर मागितली. आणि मी ती करू लागले. दुपारी, दार लावून. मग एकदा चाळणी आणायला म्हणून उल्हासनगरला गेले. तुम्हाला वाटेल बदलापुरात चाळणी मिळत नाही का? मिळते. पण जन्मभर उल्हासनगरला नोकरी केल्यावर खरेदी तिथेच करायची सवय. आणि तिथे माझी एक जुनी सहकारी आहे, सिंधी, आता ऐंशीच्या पुढे. फाळणीनंतर तिचे आईवडील सिंधमधून आले आणि लष्कराच्या रिकाम्या बराकीत राहिले. तेव्हा त्याला नुसतं कल्याण कॅम्प म्हणत. १९४९ मध्ये त्याचं उल्हासनगर झालं, पण तिच्या तोंडी अजून 'कॅम्प'च.

तिने थादल दिली. बदाम, खसखस, बडीशेप, वेलची, मिरी, गुलाबाच्या पाकळ्या वाटून केलेली. ती पिता पिता मी तिला साखरेचं सगळं सांगितलं. ती ऐकत होती. तिने भाऊ पाहिला होता. शाळेच्या फाटकाशी. मला इतकी वर्षं वाटत होतं की कुणाला दिसलं नाही!

ती म्हणाली, "बाई, भाच्याला सांगितलंत?"

मी म्हटलं, "नाही. कशाला त्याला त्रास."

ती एवढंच म्हणाली, "तेव्हाही तुम्ही असंच म्हणायचात."

परतीच्या लोकलमध्ये चाळणी मांडीवर घेऊन बसले होते. उल्हासनगर ते बदलापूर, मध्ये एकच अंबरनाथ. अंबरनाथला गाडी थांबली तेव्हा वाटलं, इथेच उतरावं आणि सांगून टाकावं. उतरले नाही. पायच उठले नाहीत. पण घरी पोचून फोन केला, "रविवारी ये. जांभळं आली आहेत."

जांभूळ हा त्याचा जीव की प्राण. आमच्या बदलापूरच्या जांभळाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपल्यालाच मिळाल्यासारखा तो फोनवर बोलला होता. लहानपणी, बाप गेल्यावर, सुटीत माझ्याकडे राहायचा आणि जीभ जांभळी करून हिंडायचा.

तो आला. मी जांभळाचं सरबत केलं होतं. पिकलेली जांभळं कुस्करून, बिया काढून, त्यात थोडं मीठ, जिरेपूड, साखर, गार पाणी. दोन ग्लासांना गवती चहाच्या साखरेची अर्धी कड लावून ठेवली होती. पण ते पुढे करण्याआधी सांगितलं. आता शाळेत तास घेतल्यासारखं सरळ सांगितलं. "ही साखर मी तुझ्या लेकीसाठी करते. तिच्या बारसाठी. मे महिन्यापासून करते आहे. तुझ्यापासून लपवून ठेवली, ते चुकलं."

तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "आत्या, तुला बाबा आठवत नाहीत?"

"रोज आठवतो."

"मग?"

मंडळी, मी ३२ वर्षं वर्गात उत्तरं दिली. या 'मग'ला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. त्या साखरेने कुणाचं भलं होतं असं मी म्हणू शकत नव्हते. तिच्या हॉटेलात रोज रात्री कुणी ना कुणी जास्त पीत असणारच. साखर आणि दारू, दोन्ही एकाच उसाच्या लेकी. कारखान्यात साखर निघाली की उरलेल्या मळीपासून दारू. एकीला देव्हाऱ्यात ठेवावं आणि दुसरीचं नाव घेऊ नये, इतकं ते सोपं नाही. मी त्याला फक्त त्या वहीतल्या २० रुपयांचं सांगितलं. हे त्याला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. मुक्तांगणचंही सांगितलं. म्हटलं, "तुझ्या बापाला मी दारूपासून नाही लपवलं रे. लोकांपासून लपवलं. तुझी लेक निदान काही लपवत नाही. दिवाळीत तुझ्यासमोर बसून तिने सांगितलं ना?"

तो रागावेल असं वाटलं होतं. रागावलाही असेल. बोलला काहीच नाही. ग्लास उचलला, काठाकडे पाहिलं, आणि ग्लास फिरवून मोकळ्या बाजूने सरबत प्यायला. सगळं संपवलं. साखरेची कड तशीच राहिली. मग ग्लास खाली ठेवताना त्याने बोटाने कडेची थोडी साखर काढली आणि जिभेवर ठेवली.

"गवती चहा?"

"हो."

"पावसाळ्यात टिकायची नाही ही. दगड होईल," म्हणाला, आणि चपला घालून निघाला.

खरंच होतं. पाऊस सुरू झाला आणि माझ्या स्टीलच्या डब्यांतली साखर आठ दिवसांत ढेकळं झाली. आमच्या बदलापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरतं, काडेपेटी पेटत नाही. साखर हवेतला ओलावा ओढते, आणि वाळलेला पाला त्याहून जास्त. मी ती ढेकळं मोडत बसले होते तेव्हा पुढच्या रविवारी हा पुन्हा आला. भिजत. पिशवीत सहा काचेच्या बरण्या, झाकणाला आतून रबराची रिंग असलेल्या. शिवाय ओलावा शोषणाऱ्या छोट्या पुड्या, त्यांच्या पॅकिंग खात्यात वापरतात तशा, पण खाण्याच्या पदार्थांसाठी असतात त्या. दुकानातून विकत आणलेल्या. बिल दाखवलं मला, कंपनीतून उचलल्या असं वाटू नये म्हणून!

"या पुड्या साखरेत टाकायच्या नाहीत. झाकणाला आतून चिकटवायच्या. आणि साखर भरायच्या आधी बरण्या कोरड्या करून घे. नुसत्या पुसून चालत नाही, जरा गरम कर." मग खिशातून चिकटपट्टी आणि पेन काढून त्याने चिठ्ठ्या केल्या. गवती चहा. पुदिना. सब्जा. खाली तारीख. त्याचं अक्षर चांगलं आहे, मीच वळण लावलं होतं. मुलीचं नाव त्याने काढलं नाही. मीही काढलं नाही. जेवून, दुपारच्या गाडीने परत गेला.

पुढच्या सोमवारी नात येऊन बरण्या घेऊन गेली. रात्री तिचा फोन आला. म्हटलं, आता पाल्याबद्दल काही विचारेल. ती जरा वेळ गप्पच होती. मग म्हणाली, "आत्याआजी, या चिठ्ठ्यांवरचं अक्षर बाबांचं आहे."

मी म्हटलं, "हो."

"बरं," म्हणाली, आणि फोन ठेवला.

आज गणपती तोंडावर आले आहेत. अजून दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत. तिसरी खेप गेली. बरण्या रिकाम्या होऊन परत येतात आणि त्याच्या चिठ्ठ्या ती काढत नाही, तारखेवर नवी तारीख चिकटवते. परवा भाच्याने फोनवर विचारलं, "पुड्या बदलल्यास का? दोन महिन्यांनी बदलायच्या असतात." मी म्हटलं, "तू ये आणि बदल."

वृंदावनातली तुळस मी अजूनही देत नाही, आणि भावाच्या श्राद्धाला कुणी साखर गोड म्हणाली तर मला ती लागतही नाही. पण दुपारी दार लावून बसणं बंद केलं आहे. येणारे-जाणारे विचारतात, "काय करताय बाई?" आणि मी सांगते, काय ते. बहुतेक जण विषय बदलतात. समोरच्या घरातली एक मुलगी मात्र काल बराच वेळ थांबली, आणि मग हळूच म्हणाली, "माझ्या बाबांना घेऊन जायला एखादं ठिकाण माहीत आहे का तुम्हाला?" तिला मुक्तांगणचं नाव लिहून दिलं. सुट्या कागदावर, वहीत घालून नव्हे.

कुणाकडे कढीपत्त्याच्या साखरेचा अनुभव असेल तर जरूर कळवा. माझी दोनदा फसली आहे. आणि पावसाळ्यात करणार असाल तर रबराच्या रिंगच्याच बरण्या घ्या.

कळावे, लोभ असावा.